आरएनए आत गेला की अंग का तापतं, त्याची जुनी गोष्ट

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही ठाण्यात पालिकेच्या सेंटरवर सकाळी सकाळी रांग लावून कोविशिल्ड घेतली आणि रात्री सगळं घर डोलो खाऊन आडवं. त्याच सुमारास मावसबहीण न्यू जर्सीत फायझरच्या आरएनए लशीचा (त्यातला आरएनए म्हणजे पेशीला कोणतं प्रोटीन बनवायचं ते सांगणारी चिठ्ठी) दुसरा डोस घेऊन तशीच तापाने फणफणत होती, आणि मावशी इकडे नौपाड्यातून फोनवर तिला विचारत होती, अगं तुझी तर अमेरिकेतली भारीवाली ना, मग तुला कसा ताप आला? प्रश्न साधा वाटतो पण त्याचं उत्तर शोधायला बसलो तर पार १९५७ पर्यंत मागे जावं लागलं.

त्या वर्षी लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान हे कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर आधी निकामी केलेला फ्लूचा व्हायरस टाकायचे आणि मग जिवंत, तर दुसरा काही नीट वाढेना. पेशींनी काहीतरी बाहेर सोडलं होतं, त्याला नाव दिलं इंटरफेरॉन. पण पेशींना कळतं कशावरून? १९६७ मध्ये मर्क या औषध कंपनीतल्या मॉरिस हिलमनच्या टीमने दाखवलं की व्हायरस नसला तरी चालतं, नुसता दुपदरी आरएनए दिला, अगदी लॅबमध्ये बनवलेला, तरी इंटरफेरॉन तयार होतो. आणि ज्यांनी पूर्वी कावीळ सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतलीयत त्यांना विचारा, ताप, थंडी, अंगदुखी, सगळा फ्लूच. म्हणजे लस घेतल्यावरचा तो ताप बराचसा आपलाच असतो, लशीने आणलेला नसतो.

दुसऱ्या बाजूला औषधवाल्यांची वेगळीच गाडी चालू होती. १९६१ ला मेसेंजर आरएनए, म्हणजे ती प्रोटीनची चिठ्ठी, सापडला, १९६५ ला केंब्रिजजवळ बँगहॅमने चरबीचे बारीक फुगे म्हणजे लायपोसोम दाखवले, १९७८ पर्यंत त्यात आरएनए भरून पेशीत सोडूनही झाला, १९८४ मध्ये तो लॅबमध्ये हवा तसा बनवता यायला लागला आणि १९९० मध्ये विस्कॉन्सिनच्या लोकांनी उंदराच्या पायात टोचून तिथल्या स्नायूकडून प्रोटीन बनवून घेतलं. वाचताना वाटतं आता झालंच की! पण नाही, बहुतेकांनी डीएनएचा रस्ता धरला, कारण आरएनए एक तर पटकन तुटतो (आपल्या बोटांवरच तो तोडणारी एन्झाइम्स असतात, म्हणून लॅबमध्ये सारखे ग्लोव्हज बदलत बसायचं) आणि दुसरं म्हणजे शरीर त्याच्यावर भडकतं.

का भडकतं हे कळायला २००० नंतरची वर्षं उजाडली. २००१ ला टीएलआर-३ नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीचा पहारेकरी, दुपदरी आरएनए ओळखतो हे सापडलं, २००४ ला टीएलआर-७ आणि ८ एकपदरी ओळखतात हे, आणि त्याच वर्षी रिग-आय, जो पेशीच्या मुख्य भागात बसून आरएनएचं टोक तपासतो. गंमत म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत आरएनए खच्चून भरलेला असतो, मग स्वतःचा कोणता आणि परका कोणता? यातलं एक उत्तर जागेचं आहे. हे टीएलआर बाहेरून गिळलेला माल जिथे येतो त्या पिशवीत बसलेले असतात. सकाळच्या ठाणे फास्टला लेडीज डब्यात पुरुष चढला की त्याने काही केलेलं नसलं तरी बोंबाबोंब होतेच ना, तसंच, आरएनए असणं हा गुन्हा नाही, तिथे सापडणं हा आहे.

मग येतात कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत झेरॉक्स मशिनपाशी ओळख झालेली जोडी. लॅबमध्ये बनवलेला आरएनए डेंड्रिटिक पेशींवर (परक्यावर पाळत ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) टाकला की पेशी चवताळायच्या, पण ट्रान्सफर आरएनए (प्रोटीन बनवायला कच्चा माल आणून देणारा) टाकला की गप्प. फरक एवढाच की त्या दुसऱ्यावर शरीराने भरपूर रासायनिक खुणा केलेल्या असतात. मग यांनी आरएनएच्या चार घटकांपैकी एक असलेल्या युरिडिनच्या जागी त्याचंच थोडं बदललेलं रूप, स्यूडोयुरिडिन, घालून बघितलं आणि पेशी शांत! २००५ साली पेपर आला तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही, नोबेल मिळालं २०२३ ला. पण २०११ च्या त्यांच्याच कामाकडे लोक दुर्लक्ष करतात असं मला वाटतं, खुणा बदलूनही राहिलेला भडका बनवताना चुकून तयार झालेल्या दुपदरी तुकड्यांचा होता, ते गाळून काढले की तोही जवळपास गेला.

आता डबा, म्हणजे आरएनए ज्यात भरून पेशीत पोचवायचा तो चरबीचा कण. आरएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून त्याला पॉझिटिव्ह चरबी लागते, पण कायम पॉझिटिव्ह असलेली चरबी पेशींना विषारी, म्हणून व्हँकुव्हरच्या पीटर कलिसच्या लोकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी फक्त आम्ल जागी पॉझिटिव्ह होणारी चरबी घडवली. तिच्यावरचं पहिलं औषध पॅटिसिरान अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालं, नसांच्या एका आनुवंशिक आजारासाठी, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. आणि प्रत्येक वेळी किमान तासभर आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि हिस्टामिन अडवणारी दोन औषधं द्यायची! साठ किलोच्या माणसाला यात सुमारे १८ मिलिग्राम आरएनए जातो आणि फायझरच्या डोसमध्ये ३० मायक्रोग्राम, म्हणजे सहाशेपट फरक, हे लक्षात ठेवलं तर बरेच फॉरवर्ड वाचायची गरज उरत नाही. कणावरच्या पीईजी नावाच्या आवरणाविरुद्धही काहींच्या अंगात अँटिबॉडी असतात, ते प्रकरण अजून चालूच आहे.

लशीत मात्र सगळं उलटं, तिथे शरीर जागं व्हायलाच हवं. २०२१ मध्ये उंदरांवर दिसलं की रिकाम्या चरबीच्या कणासोबत साधं प्रोटीन दिलं तरी अँटिबॉडी जोरात बनतात, म्हणजे डबाच चिथावणी देतो. तोवर बरेच लोक त्याला नुसता डबाच समजत होते. त्याच वर्षी जर्मनीच्या क्युअरव्हॅकची खुणा न बदललेल्या आरएनएची लस १२ मायक्रोग्रामवर ४८ टक्क्यांच्या आसपास अडकली, फायझर-मॉडर्ना नव्वदीच्या वर होत्या. व्हेरियंट वेगळे होते हे खरं, पण जास्त डोस द्यायची सोय नव्हती कारण माणसं तापाने बेजार झाली असती, हेही तितकंच खरं. आपल्या पुण्याच्या जेनोव्हाने तिसराच मार्ग घेतला, पेशीत जाऊन स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए, २ ते ८ डिग्रीत टिकणारा, २०२२ ला परवानगी मिळाली.

याशिवाय एक छोटी शाखा आहे, जिथे चरबीत आरएनए भरत नाहीत, आरएनए दुमडूनच कण बनवतात. १९९८ ला पेइक्सुआन ग्वो यांनी एका व्हायरसच्या आरएनएचे तुकडे एकमेकांत अडकवून कडी केली, तिथून ते सुरू झालं. २०१८ मध्ये किरिल अफोनिन आणि मरिना डोब्रोवोल्स्काया यांच्या टीमने असे कण माणसाच्या रक्तपेशींवर टाकले, तर नुसते टाकले की काहीच होत नाही, पेशी आत घेतच नाहीत. वाहक जोडून आत पोचवले की मग मात्र आकाराप्रमाणे उत्तर बदलतं, आरएनएचे घन सगळ्यात जास्त इंटरफेरॉन काढतात, सपाट कड्या आणि लांब धागे त्याहून कमी. मावशीला सांगितलं तर म्हणाली, पीठ तेच पण चकली वेगळी आणि शेव वेगळी, आणि खरं सांगायचं तर मला याहून बरं सांगता आलं नसतं. माणसांचं ताजं रक्त घेऊनच हे तपासायचा त्यांचा आग्रह असतो, कारण ज्या डोसला माणूस तापाने लोळतो तो उंदीर आरामात पचवतो, आणि अंग ठणकतंय हे काही तो सांगत नाही.