दुय्यम गुणांनी निकाल बदलतो का? बेसबॉलच्या फाशांपासून लॅपटॉपपर्यंत

नागपुरात मे महिन्यात दुपारी मैदानावर जायची सोय नसते. लहानपणी अशा दुपारी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून आमचं पुस्तक-क्रिकेट चालायचं. बालभारतीचं पुस्तक कुठेही उघडायचं, डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. डावं पान नेहमी समसंख्येचं, म्हणजे 0, 2, 4, 6, 8 एवढेच अंक. हिशेब केला तर दर विकेटमागे सरासरी 20 धावा येतात. सचिनच्याही 20 आणि व्यंकटपती राजूच्याही 20. खेळाडूचं नाव फक्त वहीत लिहायला.

आता धरमपेठेत आमचा चारपाच जणांचा गट लॅपटॉपवर बेसबॉलचे संघ चालवतो आणि दर आठवड्याला तोच वाद निघतो, की चेंडू मारणं-टाकणं सोडून खेळाडूचे बाकीचे, म्हणजे दुय्यम गुण (वेग, क्षेत्ररक्षण, स्वभाव) निकाल बदलतात का: "लीडरशिपवाला घेऊन पाय ना बे, टीम जिंकते का नाही ते!" या वादाचं मूळ बरंच जुनं आहे.

खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून खेळ बनवायचा प्रयत्न अमेरिकेत 1941 मध्ये लोकप्रिय झाला. ईथन ॲलन या माजी बेसबॉलपटूने प्रत्येक बॅटरची, म्हणजे चेंडू टोलवणाऱ्याची, पुठ्ठ्याची तबकडी केली. होम रन (एकाच फटक्यावर पूर्ण फेरी मारून धाव) जास्त मारणाऱ्याच्या तबकडीवर होम रनचा कप्पा मोठा. काटा फिरवायचा, थांबेल तो निकाल. समोर पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कोण, याला मात्र काहीच किंमत नव्हती. 1951 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झ यांनी ॲपबा हा फाशांचा खेळ आणला. त्यात दोन फासे 11 ते 66 असे वाचायचे, म्हणजे 36 शक्यता. पिचरला अ, ब, क, ड अशी श्रेणी मिळाली आणि संघाच्या क्षेत्ररक्षणाचाही विचार होऊ लागला. दुय्यम गुण खेळात शिरले ते असे.

1961 मध्ये हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा कार्डांचा खेळ आला, आणि माझ्या मते खरी गोम तिथे उलगडते. फासे तीन. पहिल्यावर 1 ते 3 आलं तर बॅटरचं कार्ड, 4 ते 6 आलं तर पिचरचं. बाकी दोघांची बेरीज त्या कार्डावर बघायची. शॉर्टस्टॉप हा क्षेत्ररक्षक कितीही चपळ असो, कार्डावर त्याच्याकडे बोट दाखवणारी ओळ आली तरच त्याच्या क्षेत्ररक्षणाचा दर्जा बघायचा. ती ओळ आली नाही तर तो सामनाभर नुसता उभा. म्हणजे गुण किती मोठा, यापेक्षा त्याच्यावर किती वेळा पाळी येते हे महत्त्वाचं. शिवाय वेगवान खेळाडूने पायांच्या जोरावर मिळवलेले हिट (फटका मारून बेसवर पोचणं) त्याच्या कार्डावर आधीच मोजलेले असतात. वेगासाठी पुन्हा हिट वाढवले तर एकच गोष्ट दोनदा धरली जाते.

मैदानावरच्या प्रत्येक घटनेची किंमत किती, हे धावांत मांडण्याचं काम जॉर्ज लिंडसे यांनी 1963 च्या शोधनिबंधात केलं. त्या वाटेने पुढे आलेले ढोबळ आकडे असे: यशस्वी स्टीलला (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठणं) सुमारे 0.2 धावेचा फायदा, पकडलं गेलं तर सुमारे 0.4 चा तोटा, आणि 10 धावा म्हणजे साधारण एक विजय. आता 60 प्रयत्नांत 42 यशस्वी झालेला खेळाडू घ्या. मिळाले 8.4, गेले 7.2. अख्ख्या मोसमात हाती आली सव्वा धाव! तोच 54 वेळा यशस्वी झाला तर 8.4 धावा, जवळजवळ एक विजय. मला हा हिशेब फार आवडतो. वेग तोच, पण कधी पळायचं हे कळण्याची किंमत त्यात दिसते.

मोक्याच्या क्षणी खेळ उंचावणारा बॅटर हा सगळ्यांचा लाडका गुण. डिक क्रेमर यांनी 1977 मध्ये 1969 आणि 1970 चे मोसम ताडून पाहिले. पहिल्या वर्षीचे मोक्याचे वीर दुसऱ्या वर्षी तेच राहिले नाहीत. म्हणून खेळात या गुणाला वेगळा आकडा देणं मला पटत नाही.

1999 मध्ये मार्कुस हाइनझोन या जर्मन प्रोग्रामरचा आउट ऑफ द पार्क हा संगणकावरचा बेसबॉल-खेळ आला. पुढे या मालिकेत नेतृत्व, निष्ठा, मेहनत, हाव असे स्वभावगुण रुळले. या गुणांचा मुख्य परिणाम तरुण खेळाडू वर्षागणिक किती सुधारतो, करार कितीला करतो, यांवर होतो. आजच्या सामन्यातल्या पुढच्या चेंडूवर त्यांचा हात शोधून उपयोग नाही.

मग आमचा वाद एका मोसमात का मिटत नाही? 162 सामन्यांत बरोबरीचा संघही निव्वळ नशिबाने सहा-सात विजय इकडेतिकडे होतो. एका विजयाचा गुण त्यात बुडून जातो. तोच मोसम शंभर वेळा चालवला तर सरासरीतली ही चूक सुमारे 0.6 विजयांवर येते, तरी एका विजयाचा फरक नक्की म्हणायला ते कमीच. चारशे वेळा चालवला तर 0.3. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायचा, एकदा नेतृत्व कमाल ठेवून, एकदा किमान, आणि बाकी एकही आकडा हलवायचा नाही.