दूरसंबंध (हवामानशास्त्र)

एका ठिकाणच्या वातावरणातील बदलाचा हजारो किलोमीटर दूरच्या हवामानावर होणारा परिणाम. ‘टेलिकनेक्शन’ असेही म्हणतात. यातील सर्वांत ठळक साखळ्या उष्ण कटिबंधात, विशेषतः विषुववृत्तीय पॅसिफिक महासागरावर सुरू होतात.

या साखळीचे मूळ पावसात आहे. साधारण २८ अंश सेल्सिअसहून उबदार समुद्रावर उंच गडगडाटी ढग चढतात. वाफेचे पाणी होताना सुटलेली उष्णता वरच्या हवेत मिसळते, तिथली हवा चहूकडे पसरते आणि रॉस्बी तरंग, म्हणजे वरच्या वाऱ्यांतील हजारो किलोमीटर लांबीची नागमोडी वळणे, उठतात. हे तरंग ध्रुवांकडे वळत जातात व वाटेत आळीपाळीने जास्त-कमी दाबाचे पट्टे उमटवतात. एल निनोच्या, म्हणजे मध्य व पूर्व विषुववृत्तीय पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या, काळात पावसाचा पट्टा पूर्वेकडे, मध्य पॅसिफिकवर सरकतो. मग उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात अलास्काजवळचा अल्यूशियन कमी दाब खोल होतो, झोतवारा (उंचावर पश्चिमेकडून वेगाने वाहणारा हवेचा प्रवाह) नेहमीपेक्षा दक्षिणेच्या वाटेने वाहू लागतो. मेक्सिकोच्या आखाताच्या अमेरिकी किनाऱ्यावर पाऊस वाढतो, पश्चिम कॅनडात थंडी सौम्य राहते.

भारताशी असलेला धागा वेगळा. एल निनोत पॅसिफिकवरील पूर्व-पश्चिम वातचक्राची चढती बाजू पूर्वेला सरकली, की इंडोनेशियापासून भारतापर्यंत हवा खाली बसू लागते आणि मान्सून दुबळा होण्याची शक्यता वाढते.

हे गणित उलगडले ते दुष्काळाच्या धाकाने. १८९९ साली मान्सूनने दगा दिला. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींचे सहसंबंध काढले. शोधायचा होता मान्सूनचा अंदाज. हाती लागला हिंदी महासागर आणि पूर्व पॅसिफिक यांच्यातील वायुदाबाचा झोका: एकीकडे दाब चढला, की दुसरीकडे उतरतो. त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले. तो का झुलतो, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. समुद्राच्या तापमानाशी त्याची सांगड हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात घातली, आणि पॅसिफिकवरील त्या पूर्व-पश्चिम वातचक्राला वॉकरांचेच नाव दिले.

संबंध पक्का असला तरी हुकमी नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील अतिप्रबळ एल निनोंपैकी एक होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग त्या वर्षी उबदार होता, तो मदतीला आला असे मानतात. २००२ चा एल निनो त्यामानाने मध्यम. पण त्या जुलैत देशात पाऊस निम्म्याच्या आसपास आला आणि हंगामाची तूट १९ टक्क्यांवर गेली.