डिप्रेशनच्या गोळ्या, थकवा आणि डोसमधला बदल : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

सांगलीतल्या आमच्या मेडिकलमधून एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, मिर्टाझापिन अशा गोळ्या नेणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात : "गोळी सुरू झाल्यापासून अंग जड पडतंय, अर्धी केली तर चालेल का?" काउंटरवर आजूबाजूला गर्दी असताना यावर नीट बोलता येत नाही आणि विचारणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं. म्हणून हे माहितीपत्रक गोळ्यांबरोबर देत आहोत. घरी निवांत वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या.

आमचं थोडक्यात म्हणणं असं, की गोळी स्वतःच्या मनानं अर्धी करू नका आणि थकवा मुकाट्यानं सोसतही बसू नका. थकवा कधी येतो, किती येतो आणि कशानंतर येतो, हे डॉक्टरांना नेमकं सांगता आलं तर बहुतेक वेळा त्यावर तोडगा निघतो.

थकवा नेमका कशाचा?

पहिल्या एक-दोन आठवड्यांत पेंग येणं, मळमळणं, डोकं जड वाटणं हे बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू ओसरतं. मनाला बरं वाटायला मात्र साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला ६ ते ८. त्रास आधी आणि गुण नंतर, असा हा क्रम आहे. नेमक्या याच मधल्या दिवसांत "मला ही गोळी सोसत नाही" म्हणून कितीतरी जण औषध सोडून देतात. आम्हाला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं.

थकवा हे डिप्रेशनचंही लक्षण आहे. रात्रभर झोपूनही सकाळी अंथरुणातून उठवत नाही, आंघोळीचाही कंटाळा येतो, आणि संध्याकाळकडे जरा हुशारी वाटते, असं असेल तर तो थकवा आजाराचा असण्याची शक्यता जास्त. गोळीची सुस्ती बहुधा गोळी घेतल्यानंतर काही तासांत चढते आणि पुढे उतरते. म्हणून आठवडाभर एका कागदावर गोळीची वेळ, झोपेची वेळ आणि सुस्ती आली ती वेळ लिहून ठेवा. "सारखं दमायला होतं" एवढंच सांगण्यापेक्षा तो कागद डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतो.

चिठ्ठीवरची दुसरी गोळीही बघा. सुरुवातीच्या काळात झोपेसाठी किंवा घबराटीसाठी क्लोनाझेपामसारखी गोळी सोबत दिलेली असते. दिवसभराची गुंगी पुष्कळदा तिची असते आणि दोष मात्र डिप्रेशनच्या गोळीवर येतो. सर्दीच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं आणि दारू यांनीही गुंगी वाढते. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, साखर वाढणं ही कारणंही असतात. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर टाळाटाळ करू नका.

साठीच्या पुढच्या माणसांकडे विशेष लक्ष द्या. यातल्या अनेक गोळ्यांनी रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. त्यातच लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर तिच्यात असं औषध असू शकतं. आजी-आजोबा एकाएकी गळून गेले, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, चालताना तोल जायला लागला, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दाखवा.

पुष्कळदा वेळ बदलूनच काम भागतं. मिर्टाझापिनसारखी गुंगी आणणारी गोळी रात्री, फ्लुओक्सेटिन बहुधा सकाळी, असं डॉक्टर सांगतात. कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी असेल, किंवा वीज रात्री येते म्हणून शेताला पाणी पाजायला जागावं लागत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळीची वेळ तुमच्या झोपेप्रमाणे ठरवता येते.

डोस बदलताना

डोस वाढवला की पहिल्या आठवड्यातले त्रास थोडेफार पुन्हा जाणवू शकतात. गुंगीचा अंदाज येईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नका आणि कडबाकुट्टीपाशी काम करू नका.

डोस कमी करणं जास्त नाजूक असतं. २० मिलिग्रॅमवरून १० वर येताना काही जाणवलं नाही, म्हणून शेवटची ५ ची गोळी एकदम बंद करणारे खूप असतात. या औषधांचा मेंदूवरचा परिणाम डोसच्या प्रमाणात सरळ उतरत नाही. थोड्या डोसलाही परिणाम बराच असतो, त्यामुळे शेवटचा टप्पाच सर्वांत हळू उतरावा लागतो. घाई केली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, असं होऊ शकतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचे डोस चुकले की हा त्रास लवकर सुरू होतो. फ्लुओक्सेटिन मात्र पुष्कळ दिवस रेंगाळतं, बाकीच्या गोळ्या तेवढ्या रेंगाळत नाहीत. म्हणूनच "एक दिवसाआड घेऊन बंद करतो" हा मार्ग बहुतेक गोळ्यांना चालत नाही. मिर्टाझापिनच्या बाबतीत तर कमी डोसला गुंगी उलट जास्त जाणवू शकते.

बरं वाटायला लागल्यावरही पहिल्या खेपेला साधारण ६ ते ९ महिने औषध चालू ठेवतात. केव्हा थांबायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवा.

एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर असेल तर ती हळूहळू औषध सोडणारी गोळी असते, ती आमच्याशी बोलल्याशिवाय मोडू नका. ड्युलोक्सेटिन या डिप्रेशनच्याच औषधाची कॅप्सूल उघडू नका. अंगदुखीसाठी दुसरीकडून गोळी घेताना चालू औषधं सांगा. ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषध डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर धोक्याचं ठरू शकतं.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावरच्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये, बेचैनी वाढून जीव नकोसा वाटू शकतो. अशा वेळी माणसाला एकटं ठेवू नका, गोळ्या स्वतःच्या ताब्यात ठेवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. जीवाला धोका वाटला तर थेट दवाखान्यात न्या. मानसिक त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

दुकानात येताना

डोस बदलला की जुनी पट्टी आणि नवी चिठ्ठी दोन्ही घेऊन या. घरात १० ची जुनी आणि २० ची नवी पट्टी एकाच डब्यात राहिली की गफलत होते. दोन डॉक्टरांकडून एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं चालू असल्याचंही कधी कधी लक्षात येतं. आम्ही पाकिटावर ठळक मराठीत गोळी कशाची, कधी घ्यायची आणि किती दिवस पुरेल ते लिहून देतो. ते लिहून न घेता जाऊ नका.

कोणासमोर बोलायचं नसेल तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या, तेव्हा गर्दी नसते. नुसती पट्टी पुढे केलीत तरी आम्ही औषधाचं नाव मोठ्यानं घेणार नाही. गोळ्या पाच दिवसांच्या उरल्या की पुढची सोय करा, कारण दिवाळीत आणि मे महिन्यात डॉक्टर सुट्टीवर असतात आणि चिठ्ठीशिवाय आम्हाला ही औषधं देता येत नाहीत.