रिकिदोझान–किमुरा लढतीची पार्श्वभूमी

२२ डिसेंबर १९५४ रोजी टोकियोतल्या कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा हे पैलवान व्यावसायिक कुस्तीतल्या जपानच्या पहिल्या हेवीवेट अजिंक्यपदासाठी भिडले. ६१ मिनिटांची म्हणून लावलेली ही लढत १५ मिनिटं ४९ सेकंदांत थांबवावी लागली. किमुरा रक्तबंबाळ होऊन मॅटवर पडला होता.

त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला, याच सभागृहात, हे दोघे जोडीने लढले होते. समोर होते बेन आणि माइक हे शार्प बंधू. मूळचे कॅनडाचे, पण प्रेक्षकांच्या लेखी धिप्पाड अमेरिकनच. महायुद्धानंतरचा जपानवरचा अमेरिकी ताबा उठून जेमतेम दोन वर्षं झालेली. टीव्ही नवाच, घरोघरी पोचलेला नव्हता, म्हणून निप्पॉन टेलिव्हिजनने चौकाचौकांत संच बसवले होते. शिंबाशी स्टेशनसमोर एका संचापुढे मुंगीला शिरायला जागा उरली नाही. रिकिदोझानचा तळहाताच्या कडेचा फटका गोऱ्या पैलवानाच्या छातीवर बसला की गर्दी बेभान व्हायची. हा राष्ट्रीय वीर जन्माने कोरियन होता आणि सुमो सोडून इकडे आला होता. आपलं मूळ त्याने लोकांपासून लपवलं. तसं न करता त्या काळच्या जपानने त्याला इतकं डोक्यावर घेतलं असतं असं मला वाटत नाही.

या जल्लोषात किमुराच्या वाट्याला काय आलं? बऱ्याचदा मार खायचा आणि पाठ टेकायची. मग रिकिदोझानने येऊन हिशेब चुकता करायचा. आणि हा किमुरा म्हणजे १९३७ ते १९३९ सलग तीन वर्षं अखिल जपान ज्युदो विजेता. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर त्याने ब्राझिलियन जुजुत्सूचा लढवय्या एलिओ ग्रेसीला ज्या हातकुलपाने जेरीस आणलं, ते आजही जगभर ‘किमुरा’ म्हणूनच ओळखलं जातं. व्यावसायिक कुस्तीत तो आला पैशासाठी. बायकोला क्षय झाला होता आणि औषध महाग होतं. असा माणूस दुय्यम भूमिकेत किती दिवस टिकणार? रिकिदोझानची कुस्ती नाटकी आहे, खऱ्या लढतीत मी हरणार नाही, असं त्याने ‘आसाही’ वर्तमानपत्राला सांगितलं. आव्हान स्वीकारलं गेलं.

किमुराच्या नंतरच्या सांगण्यानुसार सगळं आधी ठरलं होतं. पहिली लढत बरोबरीत सोडवायची, दुसरीचा विजेता दगड-कागद-कात्रीने ठरवायचा आणि पुढे हाच क्रम चालवायचा. रिकिदोझानने मात्र, बरोबरीचा प्रस्ताव किमुराचाच होता, असं जाहीर केलं. लढतीत किमुराचा पाय जांघेकडे गेला, आणि ते निमित्त धरून रिकिदोझान तुटून पडला. लाथ मुद्दाम होती का, यावर अजून वाद आहे. पण चित्रफितीत त्यानंतरचे फटके पाहावेत: किमुराचे हात वरही येत नाहीत, कारण असं काही होईल याची त्याला कल्पनाच नाही. माझ्या मते ही फसवणूकच होती.

परतीची लढत किमुराला कधीच मिळाली नाही. रिकिदोझानला किताब मिळाला आणि देशात त्याला तोडीचा प्रतिस्पर्धी उरला नाही. १९५७ मध्ये तो थेट जगज्जेत्या लू थेझपुढे उभा राहिला आणि ६१ मिनिटं लढून बरोबरीत सुटला. १९६३ मध्ये नाइटक्लबमध्ये झालेल्या चाकूहल्ल्यानंतर तो गेला. त्याचे शिष्य अँटोनियो इनोकी आणि जायंट बाबा यांनी १९७२ मध्ये अनुक्रमे न्यू जपान आणि ऑल जपान या व्यावसायिक कुस्तीच्या संस्था काढल्या.