पार्श्वभूमी: ज्यू मुलांची शाळेआधीची शाळा

मुलाला शाळेसाठी तयार कसं करायचं, याचा विचार ज्यू समाजात फार जुना आहे. गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांची शिकण्याची सोय लावल्याबद्दल तालमूद हा ज्यूंचा प्राचीन धर्मग्रंथ येहोशुआ बेन गामला या महायाजकाचं नाव कृतज्ञतेने घेतं. तिथेच पटसंख्येचा नियमही आहे: एका शिक्षकाकडे २५ मुलं, ४० झाली तर मदतनीस, ५० झाली तर दुसरा शिक्षक. आपल्याकडचे खचाखच भरलेले वर्ग पाहिले की या नियमातलं शहाणपण पटतं.

त्याहून लहान मुलगे पूर्व युरोपात तीन-चार वर्षांचे झाले की ‘हेदेर’मध्ये जात. हेदेर म्हणजे बहुतेकदा मास्तरांच्या घरातलीच खोली. मध्ययुगीन जर्मनीत आणि फ्रान्समध्ये शिक्षणाचा पहिला दिवस शावुओतला, म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ मिळाल्याच्या सणाला, साजरा होई. मुलाला वस्त्रात गुंडाळून गुरुजींकडे नेत, पाटीवरच्या अक्षरांना मध लावत आणि तो त्याला चाटायला देत. इतकी माया त्या एका दिवसाची. नंतर दिवसभर बाकावर बसून घोकंपट्टी, आणि मुलींना तर तिथे सहसा जागाच नसे.

खेळातून शिकण्याचा विचार जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने रुजवला. आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव त्याने १८४० मध्ये दिलं. प्रशियाने १८५१ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १८६० मध्ये उठली. या चळवळीला बळ देणाऱ्यांत हाम्बुर्गच्या योहाना गोल्डश्मिट आणि बर्लिनच्या लीना मोर्गेनस्टर्न या ज्यू स्त्रिया होत्या.

खरं वळण आलं ते रिशोन लेझियोनला. तेव्हाच्या ऑटोमन पॅलेस्टाईनमधल्या या वसाहतीत १८८६ मध्ये ज्यूंच्या प्राचीन धर्मभाषेत, हिब्रूत, शिकवणारी शाळा निघाली, पण मुलं घरी बोलत यिद्दिश, ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. शाळेत पाऊल टाकलेल्या मुलाला मास्तर काय म्हणतात तेच कळेना. म्हणून त्याआधीच कानावर हिब्रू पडावी, या गरजेतून १८९८ मध्ये तिथे पहिली हिब्रू बालवाडी सुरू झाली. शिकवायला होत्या एस्थर शापिरा, जेरुसलेमच्या एव्हलिना दे रॉथशील्ड शाळेत शिकलेल्या. बाळगोपाळांना म्हणून दाखवावं असं हिब्रूत फारसं काही नव्हतं. गाणी, खेळ, रोजच्या वस्तूंचे शब्दसुद्धा या पिढीतल्या शिक्षिकांनी जुळवत नेले. पुढे १९१३ मध्ये आलेल्या लेव्हिन किपनिसने बालवाड्यांसाठी शेकडो गाणी-गोष्टी लिहिल्या. मुलं ही भाषा घरी नेत आणि आईबाप मुलांच्या तोंडून ती उचलत. मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत मोलाचं वाटतं: घराला शिकवण्याचं काम चार-पाच वर्षांच्या मुलांनी केलं.

इस्रायलने १९४९ च्या कायद्याने पाचव्या वर्षापासून शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, म्हणजे पहिलीच्या आधीचं बालवाडीचं वर्ष कायद्यातच आलं. तीन वर्षांच्या मुलांपर्यंत ते न्यायचं १९८४ मध्येच ठरलं होतं. अंमलबजावणीला मात्र २०११ ची मोठी आंदोलनं व्हावी लागली. अंमलबजावणी २०१२ पासून सुरू झाली.

अमेरिकेत गणित वेगळं आहे. तिथल्या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) बालवाडीतून बाहेर पडलेली बरीच मुलं थेट सरकारी शाळेत जातात. म्हणून बालवाडीतच शाळेची तयारी सणांतून होते: मोजणी हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या आठ रात्री रोज एकेक वाढणाऱ्या मेणबत्त्यांवर होते, आणि पाळी धरणं, सगळ्यांसमोर बोलणं हे शुक्रवारी शब्बातच्या (साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या) स्वागताच्या छोट्या समारंभात ‘आई’ किंवा ‘बाबा’ होऊन शिकता येतं. अशा कित्येक मुलांसाठी ज्यू शाळेतली ही दोन-तीन वर्षंच पहिली आणि शेवटची असतात, त्यामुळे शिक्षिकांना शाळेची आणि ज्यू परंपरेची अशा दोन्ही तयाऱ्या एकाच वर्गात करून घ्याव्या लागतात.