ग्वारानी: एक भाषा की भाषांचं कुटुंब?

पराग्वेत स्वतःला आदिवासी म्हणवणारे लोक जेमतेम दोन-अडीच टक्के आहेत, पण ग्वारानी ही आदिवासी भाषा तिथल्या बहुसंख्य लोकांना येते. बाजारात, घरात, फुटबॉलच्या मैदानावर ती ऐकू येते. 1992च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. अमेरिका खंडात हे फार दुर्मीळ आहे.

या यशाचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र हमखास निसटते. ‘ग्वारानी’ म्हणून जगाला माहीत आहे ती फक्त पराग्वेची ग्वारानी. तिच्या बहिणी बऱ्याच आहेत. म्बिया पराग्वे, अर्जेंटिना आणि दक्षिण ब्राझीलमध्ये विखुरलेली आहे. कायोवा ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात बोलतात. सीमा ओलांडून पराग्वेत गेलं की त्याच लोकांना पाय ताव्हितेरा म्हणतात. बोलिव्हियाच्या पूर्व भागात अँडीजच्या पायथ्याशी आणखी एक शाखा आहे. तिच्यातली इसोसो बोली बोलणाऱ्यांचे पूर्वज मुळात चाने, म्हणजे आरावाक कुळातली वेगळीच भाषा बोलणारे. त्यांनी ग्वारानी नंतर आत्मसात केली. बोली वंशाबरोबरच चालते असं नाही, हे इथे स्वच्छ दिसतं. ब्राझीलच्या किनाऱ्यावरची जुनी तुपी ही यांची जवळची नातलग, आणि काजू नि अननस हे आपले शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून तिच्याकडूनच आले.

ग्वारानीचं खरं सौंदर्य तिच्या नाकात आहे. ‘ग्वाता’ म्हणजे चालणे, ‘ञेएँ’ म्हणजे बोलणे. ‘आपण चालतो’ म्हणायचं तर ‘जाग्वाता’, पण ‘आपण बोलतो’ हे ‘ञाञेएँ’. प्रत्यय एकच आहे, मात्र पुढे नाकातला स्वर येणार म्हटल्यावर ‘जा’चा ‘ञा’ झाला. तसंच ‘चालायला लावणे’ म्हणजे ‘म्बोग्वाता’, आणि ‘बोलायला लावणे’ म्हणजे ‘मोञेएँ’. याच शब्दाचा अर्थ ‘वाचणे’ असाही होतो. नाकाकडे हवा सोडणारा मऊ टाळू खाली यायला थोडा वेळ लागतो. पुढच्या अनुनासिकाची तयारी तो आधीपासूनच करतो आणि आधीचे आवाजही नाकात जातात. असं सगळ्याच भाषांत थोडंफार होतं, ग्वारानीने त्याचा काटेकोर नियम केला.

दुसरी गोष्ट मराठी माणसाला लगेच ओळखीची वाटेल. ‘ञांदे’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, ‘ओरे’ म्हणजे त्याला वगळून आम्ही. स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द. ख्रिस्ती प्रार्थनेत ‘आमच्या पित्या’ या जागी ग्वारानीत ‘ओरे रू’ म्हणतात, कारण देवाशी बोलताना देव स्वतः त्या ‘आम्हां’त नसतो. मराठी प्रार्थनाही ‘आमच्या’च म्हणते, ‘आपल्या’ नाही.

पराग्वेच्या शहरांत आज ऐकू येते ती बहुतेक जोपारा, म्हणजे ग्वारानी-स्पॅनिश सरमिसळ. ‘मी अभ्यास करीन’ला ‘आएस्तुदियाता’: धातू स्पॅनिश, पुढचा-मागचा प्रत्यय ग्वारानी. शाळेत शिकवली जाणारी शुद्ध ग्वारानी नव्याने घडवलेल्या शब्दांनी भरलेली असते आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेपासून दूर पडते. मला जोपारा बिघडलेली वाटत नाही. व्याकरणाचा सांगाडा ग्वारानीचाच राहिला आहे.

खरा धोका आहे तो म्बिया, कायोवा आणि पूर्व पराग्वेतल्या आचेसारख्या छोट्या बहिणींना. त्यांना लिखाणातही देशांच्या सीमा आड येतात. ‘ञ’ हा आवाज पराग्वेत स्पॅनिश वळणाने डोक्यावर नागमोडी खूण असलेल्या एकाच अक्षराने लिहितात, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज पद्धतीने दोन अक्षरांनी. तोच म्बिया शब्द नदीपलीकडे वेगळा दिसतो. म्हणून एका देशात तयार झालेलं म्बिया पुस्तक दुसऱ्या देशातल्या म्बिया मुलाला सहज वाचता येईलच असं नाही.