रिडिम अल्बम

जमैकाच्या डान्सहॉल या नाचाच्या संगीतातला गीतसंग्रहाचा एक प्रकार. यातली सगळी गाणी एकाच वाद्यसाथीवर गायलेली असतात. बेस आणि ड्रम हा या साथीचा कणा. तिला जमैकात ‘रिडिम’ म्हणतात आणि प्रत्येक रिडिमला स्वतःचे नाव असते. मराठी कानाला सांगायचे तर ठेका एकच, चाल आणि शब्द ज्याचे त्याचे.

याचे मूळ ‘व्हर्जन’मध्ये आहे. १९७०च्या सुमारास तिथे छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूवर त्याच गाण्याची नुसती वाद्यसाथ देण्याची पद्धत रुळली. मोठमोठे स्पीकर रचून नाच रंगवणाऱ्या साउंड सिस्टिमवर ती लागली की डीजे माइक घेऊन तालात आपले शब्द म्हणे. (तबकड्या लावणारा तो सिलेक्टर; जमैकात डीजे म्हणजे माइकवरचा माणूस.) निर्मात्यालाही हे सोयीचे होते, कारण वादकांना एकदाच बसवून अनेक गाणी निघत. निर्माते रूपी एडवर्ड्स यांचा ‘यामाहा स्कँक’ (१९७४) हा असा पहिला अल्बम मानतात. १९८५ मध्ये निर्माते किंग जॅमी यांच्या ‘स्लेंग टेंग’ या रिडिमने वादकांचीही गरज कमी केली: तो कॅसिओ एमटी-४० या लहानशा कीबोर्डमधल्या तयार तालावर उभा होता.

मराठी वाचकाने सुरुवात ‘दिवाली’पासून करावी. नाव आपल्या सणाचेच, आणि जमैकाचे भारताशी नाते जुने: भारतीय मजूर तिथे १८४५ पासून गेले. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांच्या या रिडिमचा अल्बम ग्रीनस्लीव्हज कंपनीने २००२ मध्ये काढला. त्याची ओळख म्हणजे टाळ्या. अडखळत, उसळी घेत त्या पडत राहतात आणि पाय आपोआप हलू लागतात. याच टाळ्यांवर शॉन पॉल शब्दांची सरबत्ती करतो, तर वेन वंडर संथ, हळवे प्रेमगीत गातो. शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिले आले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची गायिका लुमिडी हिचे याच रिडिमवरचे गाणे तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले.

सवय नसलेल्याला असा अल्बम एकसुरी वाटतो. पण तो एका बैठकीत ऐकावा. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ठेका अंगात भिनतो आणि मग कोण समेच्या आधी शब्द टाकतो, कोण मागे रेंगाळतो, हे स्पष्ट ऐकू येते. नाचाच्या रात्री सिलेक्टरही एका रिडिमवरची गाणी अशीच न थांबता लावतो; त्याला ‘जगलिंग’ म्हणतात. अनेक अल्बमांत शेवटी गायनाविना नुसता रिडिमही दिलेला असतो.